नोटीस वाचता येईल अशी लावा: सीमाभागातील बँकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि आसपासच्या सीमाभागात तारण मिळकतींचे लिलाव करणाऱ्या सर्व बँकांचे प्राधिकृत अधिकारी

साहेब आणि मॅडम, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी लेथची छोटी शेड आहे. फाउंड्रीतून पंपाची, व्हॉल्व्हची कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवतो. बावीस वर्षं हेच चाललंय. डिसेंबर 2022 मध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा बँकेच्या लिलावात घर घेतलं. वडगावातलं, दोन खोल्या आणि पुढं मागाची पडवी. त्या व्यवहारातून जे कळलं ते आपल्यापुढं मांडायला हे पत्र लिहितोय. मागणी एकच आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. ताबा नोटीस आणि लिलावाची जाहिरात सीमाभागात मराठीतही द्या, आणि ताबा सांकेतिक (फक्त कागदावरचा) आहे की प्रत्यक्ष, ते त्यात ठळक लिहा.

हे पत्र सीमाप्रश्नावर नाही. कन्नड काढा आणि मराठी घाला, असंही माझं म्हणणं नाही. माझं निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतं, मीही त्यांच्याशी कन्नडच बोलतो. पण बोलता येणं वेगळं आणि कायद्याचा कागद वाचून समजणं वेगळं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव या भागात घराघरांत सकाळी मराठी पेपर पडतो. तिथली माणसं कर्ज घेतात, तिथलीच थकतात, आणि लिलावात बोली लावणारेही बहुतेक तिथलेच. जाहिरात मात्र येते एका इंग्रजी आणि एका कन्नड पेपरात. ज्याचं घर जायचं त्याला ती दिसत नाही, आणि जो घेणार त्याला ती पुरती कळत नाही.

माझी गोष्ट सांगतो.

उद्यमबागच्या चहाच्या गाड्यावर कोणीतरी म्हणालं की बँकेच्या लिलावात घरं स्वस्त मिळतात. मुलीच्या लग्नाआधी स्वतःचं घर व्हावं ही घरची इच्छा होती. भाच्यानं मोबाईलवर लिलावाचं पोर्टल उघडून दिलं. वडगावच्या घराची राखीव किंमत 23 लाख 40 हजार होती. त्याच गल्लीत तसल्या घराला 29-30 लाख सांगत होते. मी दहा टक्के, म्हणजे 2 लाख 34 हजार अनामत भरली. लिलावाच्या दिवशी 20 हजारांची एक पायरी चढवून 23 लाख 60 हजारांना घर माझ्या नावावर सुटलं. बोली लावणारा मी एकटाच होतो. तेव्हा त्याचा आनंद झाला. आपण एकटेच का, हा विचार तेव्हा करायला हवा होता, तो मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी 25 टक्के पूर्ण करायचे, म्हणजे आणखी 3 लाख 56 हजार. बाकीचे 17 लाख 70 हजार विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेनं लेखी कबूल केलं तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पुढं नाही. मला वाटलं होतं, दुसरी बँक गृहकर्ज देईल. ज्या दोन ठिकाणी गेलो तिथं एकच प्रश्न विचारला, ताबा मिळालाय का? नाही म्हटल्यावर फाईल बाजूला ठेवली. पैसे भरले नाहीत तर भरलेले 25 टक्के जप्त होतात, आणि ते पूर्ण जप्त होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते योग्य ठरवलं. म्हणजे माझे 5 लाख 90 हजार पणाला लागले होते. बायकोचं सोनं गहाण टाकलं, सौहार्द सहकारी सोसायटीतून उचल घेतली, आठ लाख असे उभे केले, उरलेली आमची शिल्लक मोडली. जानेवारी 2023 मध्ये विक्रीचा दाखला हातात आला. आणि मग मी घर बघायला गेलो.

हो, त्याआधी मी घर आतून बघितलं नव्हतं. गल्लीतून एकदा चक्कर मारली होती, दाराला कुलूप दिसलं होतं. शाखेत विचारलं तेव्हा सांगितलं होतं, 'पझेशन झालंय.' जाहिरातीत त्या जागी दोन्ही शब्द छापलेले होते, कन्स्ट्रक्टिव्ह (सांकेतिक) आणि फिजिकल (प्रत्यक्ष), मध्ये एक तिरपी रेघ. विक्रीच्या जाहिरातीचा जो ठरलेला नमुना नियमांना जोडलेला आहे, त्यात हे दोन शब्द असतात आणि लागू नसलेला खोडायचा असतो. माझ्या जाहिरातीत कुणीच काही खोडलं नव्हतं. मी फिजिकल वाचलं. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि माणसं आत राहतायत, हे मला त्या दिवशी कळलं.

दार उघडं होतं. उंबऱ्यात एक म्हातारी रहाटावर कांड्या भरत बसली होती. आत एक यंत्रमाग बंद होता, एक चालू होता. मी म्हटलं, घर बघायला आलोय. तिला वाटलं भाड्यानं बघायला आलोय. 'मुलगा बाजारात गेलाय, बसा,' म्हणाली आणि तांब्याभर पाणी दिलं. मी ते पाणी प्यायलो आणि मग सांगितलं की हे घर मी बँकेकडून विकत घेतलंय. ती हसली नाही, रडली नाही, तिला खरंच कळलं नाही. रहाट फिरवत राहिली.

मुलगा आला तेव्हा त्यानं कपाटावरची प्लॅस्टिकची पिशवी काढली. साठ दिवसांची मागणी नोटीस, ताबा नोटीस, विक्रीची नोटीस, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. सगळं इंग्रजीत. ताबा नोटिशीवर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात शब्दांच्या डोक्यावर अर्थ लिहिलेले होते. घरातल्या आठवीतल्या मुलीनं शाळेच्या डिक्शनरीत बघून लिहिले होते. 'सिक्युअर्ड'वर सुरक्षित. 'बॉरोअर'वर उसने घेणारा. 'पब्लिक'वर जनता. नोटिशीच्या शेवटी एक वाक्य असतं. आपल्याला ते पाठ असेल. तारण मिळकत सोडवून घेण्यासाठी किती वेळ आहे, त्याबाबत कर्जदाराचं लक्ष कलम 13 च्या पोटकलम 8 कडे वेधलेलं असतं. त्यातल्या 'रिडीम' या शब्दावर त्या पोरीनं लिहिलं होतं, उद्धार करणे. आणि पुढं प्रश्नचिन्ह.

अख्ख्या कागदात त्या घराच्या कामाचं एकच वाक्य होतं आणि ते असं हुकलं.

साहेब, हे वाक्य किती महत्त्वाचं आहे ते मी नंतर वकिलांकडून समजून घेतलं. ज्या सरफेसी कायद्यानं बँका कोर्टात न जाता तारण मिळकत ताब्यात घेऊन विकतात, तो 2002 चा. त्यात 2016 मध्ये दुरुस्ती झाली. त्याआधी विक्री पुरी होईपर्यंत कर्जदाराला पैसे भरून मिळकत सोडवता येत असे. दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठामपणे सांगितलं. म्हणजे पेपरात जाहिरात छापून आली की कर्जदाराचा शेवटचा हक्क संपला. मग ती जाहिरात आणि तिच्या आधीची ताबा नोटीस ज्याला वाचता येत नाही, त्याला आपला हक्क कधी संपला हेसुद्धा कळत नाही. शेवगावला सासर असलेल्या त्याच्या बहिणीनं शेत गहाण टाकून पैसे द्यायची तयारी दाखवली होती, असं त्या मुलानं मला सांगितलं. ती तयारी झाली तेव्हा जाहिरात छापून अकरा दिवस झाले होते. नोटीस वेळेत कळली असती तर पैसे नक्की जमले असते, असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी धडपड वेळेत केली असती. ती करायची संधी त्यांना मिळाली नाही.

कर्ज का थकलं, तेही सांगतो, कारण बँकेच्या फाईलमध्ये त्याला फक्त एनपीए (थकीत खातं) म्हणतात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं, बीम आणि मोटर गेली. ती दुरुस्त होतेय तोवर मार्च 2020 ची टाळेबंदी लागली, लग्नसराई गेली, साडीला उठाव राहिला नाही. वडगाव-खासबागेतल्या कितीतरी विणकरांची हीच गोष्ट आहे. माग आणि माणूस एकाच छपराखाली राहतात, त्यामुळे धंद्याचं कर्ज थकलं की घरच जातं.

अपिलाचंही तसंच. बँकेच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. पण ते आहे बेंगळुरूला. ज्याच्याकडं हप्त्याला पैसे नाहीत त्यानं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून तिथं वकील गाठायचा. ते आपल्या हातात नाही, हे मला कळतं. नोटिशीची भाषा मात्र आपल्या हातात आहे.

माझ्या बाजूचं पुढं काय झालं ते थोडक्यात. ताबा मिळवून देण्यासाठी बँकेनं कलम 14 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कायद्यात त्यासाठी तीस दिवसांची, फार तर साठ दिवसांची मुदत आहे. पण आदेश हातात येणं आणि कुलूप लागणं यात फार अंतर असतं. मे 2023 मध्ये विधानसभेची निवडणूक होती, पुढं गणपती, मग डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन. पोलिस बंदोबस्त मिळायचा नाही, तारीख पुढं जायची. तेरा महिन्यांनी, फेब्रुवारी 2024 मध्ये, ताबा मिळाला. तेवढ्या महिन्यांत आठ लाखांचं व्याज लाखाच्या वर गेलं. मागाच्या मीटरची 38 हजार थकबाकी निघाली, घरपट्टी चार वर्षांची. जुन्या मालकाचं वीजबिल मी का भरू, असं मी भांडलो. वकिलांनी सांगितलं की मे 2023 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं यावर निकाल दिलाय. वीजपुरवठ्याच्या नियमात तरतूद असेल तर जुनी बाकी नव्या मालकाकडून घेता येते, आणि 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर घेणाऱ्यानं अशी बाकी आधीच शोधायची असते. छपराची डागडुजी, वायरिंग, वकील धरून जे स्वस्त वाटलं होतं त्यातले दोन-अडीच लाखही उरले नाहीत. आणि तेरा महिने माझं चित्त शेडमध्ये नव्हतं ते वेगळंच.

तो फेब्रुवारीचा दिवस मी विसरू शकत नाही. तहसीलचे लोक, दोन महिला पोलिस, बँकेचा एक तरुण अधिकारी. पंचनाम्यात एकेक वस्तू लिहीत होते. पितळी हंडा एक, देव्हारा एक, शिलाई मशीन एक. माग हा जंगम माल, तो माझ्या खरेदीत नव्हता, त्यांचा होता. पण त्यांना ठेवायला जागा नव्हती. भाड्याच्या एका खोलीत दोन माग कसे मावणार? मी म्हटलं, माझ्या शेडमध्ये ठेवा. टेम्पोत चढवताना धोटा खाली पडला, तो म्हातारीनं उचलून पदराखाली धरला आणि चालत गेली. ते माग आजही माझ्याकडं ताडपत्रीखाली आहेत. महिन्यातून एकदा म्हातारीचा मुलगा येऊन तेल घालून जातो.

आता मी दोष कोणाला देऊ? ज्या अधिकाऱ्यानं लिलाव केला त्यांनी नियमाप्रमाणं केला. मी स्वतः वाचलं नाही, घर बघितलं नाही, ही चूक माझी. म्हणूनच हे पत्र तक्रारीचं नाही. पण नियम पाळूनसुद्धा दोन मराठी कुटुंबांना एकाच कागदानं अंधारात ठेवलं, हे आपण ऐकावं असं वाटतं.

नियम काय म्हणतो? सरफेसीच्या 2002 च्या नियमावलीत नियम 8 आहे. ताबा नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत द्यायची, त्यातलं एक त्या परिसरात पुरेसा खप असलेलं, स्थानिक भाषेतलं हवं. विक्रीच्या जाहिरातीलाही तसंच. त्यात राज्याची राजभाषा असा शब्द नाही. परिसर असा शब्द आहे. वडगावच्या परिसरात कुठल्या भाषेचा पेपर खपतो ते आपल्या शाखेतल्या शिपायालाही माहीत आहे. दुसरं वृत्तपत्र इंग्रजीच असलं पाहिजे, असंही नियमात नाही. इंग्रजी मजकूर लिलावाच्या पोर्टलवर असतोच, जानेवारी 2025 पासून सरकारी बँकांचं 'बँकनेट' तर त्यासाठीच सुरू आहे. मग पेपरात एक कन्नड आणि एक मराठी दिलं, तर नियमही पाळला जातो आणि खर्चही वाढत नाही.

आणखी एक. कर्ज देताना आपण काय करता? 15 एप्रिल 2024 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जाला मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा गोषवारा, द्यावं लागतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, त्याला समजावून सांगितलं पाहिजे आणि समजलं म्हणून त्याची सही घेतली पाहिजे. चांगलाच नियम आहे. कर्ज देताना त्याची भाषा कोणती ते बँकेला माहीत असतं. तीच बँक घर घेताना ती भाषा विसरते, हे मला पटत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणांतही, जिथं एखादी भाषा बोलणारे किमान 15 टक्के आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असं सरकारांनी कधीच मान्य केलेलं आहे. बँकेला ते सरळ लागू होतं की नाही हा वाद मी घालत नाही. त्यामागचं कारण तरी आपल्याला लागू आहे.

शब्द नवीन शोधायला लागणार नाहीत. कोगनोळी नाका ओलांडला की कागल लागतं, आणि तिथं याच बँकांच्या याच नमुन्यातल्या नोटिसा मराठीत छापून येतात. सांकेतिक ताबा, प्रत्यक्ष ताबा, राखीव किंमत, इसारा रक्कम, तारण मिळकत सोडवून घेणे, सगळे शब्द तयार आहेत. निपाणीपासून कोल्हापूर चाळीस किलोमीटर. तिथल्या कर्जदाराला जे कळतं ते निपाणीच्या कर्जदाराला कळू नये, याला काही कारण नाही.

सहकारी बँकांच्या अधिकाऱ्यांनाही हे सांगायचं आहे, कारण आपल्या पट्ट्यात सहकारी बँकांचं जाळं मोठं आहे. त्यांना सरफेसी लागू आहे की नाही हा वाद वर्षानुवर्षं चालला. निपाणीजवळच्याच मुरगूडच्या बँकेच्या प्रकरणात 5 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी लागू आहे असा निकाल दिला. कोर्टाशिवाय घर ताब्यात घ्यायचा अधिकार आपल्याला मिळाला. आपले सभासद, आपली वार्षिक सभा, आपला अहवाल सगळं मराठीत चालतं. नोटीसच तेवढी इंग्रजीत का?

जाहिरातीत आणखी दोन गोष्टी स्पष्ट आल्या तर माझ्यासारख्या नवख्याचं फार भलं होईल. बँकेला माहीत असलेले बोजे विक्रीच्या नोटिशीत लिहिणं नियमातच आहे. तिथं बहुतेक वेळा 'माहीत नाही' एवढंच असतं. निदान घरपट्टी आणि वीजबिलाची बाकी विचारून घेऊन लिहा. आणि न्यायाधिकरणात किंवा दिवाणी कोर्टात त्या मिळकतीवर काही चालू असेल तर तेही लिहा. बोली कमी येईल अशी भीती असेल. पण माहिती लपली म्हणून आलेली बोली पुढं कोर्टात अडकते आणि आपलीही वसुली अडकते. मिळकतीचं खरं चित्र दिसलं तर दहा माणसं बोलीला येतील, भाव चांगला येईल, आणि कर्ज फिटून वर उरलेली रक्कम घर गेलेल्या माणसाला परत मिळेल. तो त्याचा हक्कच आहे. आज नोटीस न कळल्यामुळं माझ्यासारखा एकटाच बोली लावतो आणि घर राखीव किमतीला जातं, त्यात नुकसान त्याचंच जास्त होतं.

हल्ली माझ्या शेडवर पोरं येतात. कोणी पुण्याला आयटीत आहे, कोणी गोव्यात हॉटेलात. दोन-चार लाख गाठीला आहेत, कुठं तरी बघितलेलं असतं की बुडीत मिळकतीत पैसा आहे. माझं नाव कोणी सांगितलेलं असतं. मी त्यांना हाकलत नाही. गरिबाला घर घ्यायला लिलाव हा रस्ता वाईट नाही. पण मी त्यांना आधी घराकडं घेऊन जातो. दार वाजवा म्हणतो. आत कोण आहे, मालक की भाडेकरू, किती दिवसांपासून, शेजाऱ्याकडून माहिती काढा. नोटिशीतल्या चतुःसीमा हातात घेऊन चारी बाजूला उभं राहून बघा, पूर्वेला ज्याचं नाव लिहिलंय त्याचंच घर आहे का. सब-रजिस्ट्रारकडून ईसी (मिळकतीवरच्या बोजांचा दाखला) काढा, निदान तीस वर्षांची. घरपट्टीच्या नोंदीतला खाता कुणाच्या नावावर, वाटणी झालीय का, बहिणींच्या सह्या आहेत का. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत दुसऱ्या कुठल्या बँकेचा बोजा दिसतो का. शहराच्या कडेला गुंठ्यानं पाडलेले प्लॉट असतील तर एनए (बिगरशेती) झालंय का, बुडाची, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाची, मंजुरी आहे का. शेतजमीन तारण असेल तर सरफेसी तिला लागूच नाही, तो लिलाव उद्या रद्द होऊ शकतो. ताबा कसला आहे ते बँकेकडून लेखी मागा. आणि पंधरा दिवसांत पूर्ण पैसे उभे राहणार असतील तरच बोली लावा. नोंदणी फी ऑगस्ट 2025 च्या अखेरीपासून एक टक्क्यावरून दोन झालीय, मुद्रांक धरून साडेसात टक्क्यांच्या वर जातं, तेही हाताशी ठेवा. सौहार्द सोसायटीचा लिलाव असेल तर त्यांची वसुली वेगळ्या कायद्यानं होते, तिथं वेगळा वकील गाठा.

एवढं सांगून झालं की पोरं विचारतात, हे सगळं जाहिरातीत का नसतं? त्यातलं बरंचसं जाहिरातीत असतं, फक्त त्यांना कळेल असं नसतं. मी एक लेथवाला. किती जणांना सांगणार? पेपरातला एक मराठी रकाना हे काम माझ्यापेक्षा चांगलं करेल.

ताबा नोटीस दारावर चिकटवतानाही एक विनंती आहे. तिच्याशेजारी मराठीत चार ओळी लावा. किती रक्कम, कुठल्या अधिकाऱ्याला भेटायचं, शाखेचा फोन, आणि लिलावाची जाहिरात येण्याआधी पैसे भरले तर घर सुटतं, हे. कायद्याचा कागद आहे तसाच राहू दे. या चार ओळी माणसासाठी असतील. आपल्यातल्या काही अधिकाऱ्यांना मी आता ओळखतो. घर रिकामं करताना त्यांनाही झोप लागत नाही, हे मी जवळून पाहिलंय. त्या दिवशी पंचनाम्यावर सही करताना बँकेच्या त्या तरुण मुलाचा हात थरथरत होता. तो हुबळीकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. म्हातारी त्याला काहीतरी विचारत होती आणि तो माझ्याकडं बघत होता. ती विचारत होती, 'आता पैसे भरले तर चालतील का?' मी त्याला कन्नडमध्ये सांगितलं. त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

कोल्हापूर आवृत्तीतल्या एका ताबा नोटिशीचं आणि एका लिलाव जाहिरातीचं कात्रण या पत्रासोबत प्रत्येक बँकेच्या विभागीय कार्यालयाला पाठवतोय. त्याच्या खाली दारावर लावायच्या चार मराठी ओळींचा मसुदा आहे. तो मी, आमचे वकील आणि ती मुलगी, आता ती अकरावीत आहे, तिघांनी मिळून लिहिलाय. 'सोडवून घेणे' हा शब्द तिनं घातलाय. तपासून घ्या, काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, पण वापरा.

आपला,
उद्यमबागचा एक लेथवाला, आणि वडगावातल्या त्या घराचा आजचा मालक